उलटी पावलं

मामाने तो काळ्या रबराचा जोड उचलला, उलटासुलटा केला, पातं बोटाने वाकवून पाहिलं आणि विचारलं, "ह्ये पायात घालून पुढं कसा चालशील?"

"पुढं चालायचंच नसतं," मी म्हणालो. "उलटं चालत पाण्यात शिरायचं. बाहेर येतानाही उलटंच."

वलांडीवर बोंबील अडकवणाऱ्या बायका क्षणभर गप्प झाल्या आणि मग मामी म्हणाली, "म्हंजी हडळीगत?" पुढची पाच मिनिटं वाया गेली. त्या दिवसापासून पाचूबंदरात माझ्या फिनांना हडळीचे पाय हेच नाव पडलं. नाव चुकलं असंही नाही. ज्याची पावलं उलटी त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे आपल्याकडे लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं.

पाचूबंदर हे माझं आजोळ. वसईच्या किल्ल्याला वळसा घालून रस्ता खाडीच्या तोंडाशी येतो तिथली ही वस्ती. नावात पाचू आहे, पाणी मात्र बारा महिने चहाच्या रंगाचं. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते. तिचा एक हात ठाण्याच्या खाडीला जातो, दुसरा नायगाव-भाईंदरच्या रेल्वेपुलाखालून इथे समुद्राला मिळतो. येताना अर्ध्या ठाणे जिल्ह्याचा गाळ घेऊन येतो. त्या गाळावर बोंबील, करंदी, मांदेली पोसतात आणि त्यांच्यावर माझं आजोळ पोसलं.

अशा गावात मी तरंगत्या ट्यूबमध्ये बसून पिसांच्या माशीने मासे धरायचं सामान घेऊन गेलो होतो. सुताराच्या घरी खेळण्यातला रंधा घेऊन जावं तसा.

ट्यूब पाठवली कॅल्गरीच्या मावसभावाने. तिकडे डोंगरातल्या थंड, निश्चल तळ्यांवर ट्राउटसाठी असं बसतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची हवा भरलेली खुर्ची, बसलं की कंबरेखालचा माणूस पाण्यात, वरचा कोरडा. दोन्ही हात गळाच्या काठीसाठी मोकळे हवेत, म्हणून वल्ही नाहीत. वल्ही म्हणजे पाय. भावाचे गुडघे गेले तशी त्याने ट्यूब मला दिली, फिन मात्र दिले नाहीत. "ट्यूब कुणाचीही चालते," तो फोनवर म्हणाला, "फिन स्वतःच्या पायाला बघून घे." चपलेबद्दल आजी असंच सांगायची.

ट्यूब पाहून मामाला मुळीच नवल वाटलं नाही. ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून खाडीत न डुंबलेला माणूस त्याच्या पिढीत पाचूबंदरात मिळायचा नाही. एसटीच्या मागच्या चाकाची ट्यूब म्हणजे तर ऐश्वर्य. चार पोरं चार बाजूंनी लोंबकळायची. तिकडच्या जुन्या फ्लोट ट्यूबाही अशाच होत्या: गोल ट्यूब आणि तिच्या भोकात शिवलेली, पाय घालायला दोन छिद्रं ठेवलेली कापडी बैठक. नालेचा आकार पुढे आला, आणि तो का आला हे मामाने न सांगता ओळखलं. त्याकडे येतोच.

मराठवाड्यातल्या एका धरणावर मी हेच यंत्र पोटापाण्यासाठी चालताना पाहिलंय. पहाटेच्या धुक्यात एक माणूस टायरच्या ट्यूबवर फळी बांधून बसला होता आणि दोन्ही हातांत एकेक फळकूट धरून पाणी मागे लोटत, जाळं सोडत चालला होता. नंतर बेंजामिन फ्रँकलिनबद्दल वाचताना तो आठवला. पोरवयात फ्रँकलिनने पोहण्यासाठी अंगठ्याला भोक पाडलेल्या लाकडी पाट्या हातांसाठी केल्या होत्या आणि पायांसाठी वहाणांसारखं काहीतरी. हातांच्या पाट्यांनी वेग वाढला. पायांचं काही त्याला पटलं नाही, कारण पाण्याला रेटा नुसता तळव्याने नव्हे तर घोट्याने आणि पावलाच्या आतल्या कडेनेही दिला जातो, हे त्याच्या ध्यानात आलं. पायातल्या वल्ह्याचं कोडं सुटायला मग दोनशे वर्षं गेली. लुई द कोर्लिए नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ मध्ये रबरी फिनांचं पेटंट घेतलं. त्याच्याकडून हक्क घेऊन ओवेन चर्चिल या अमेरिकन माणसाने १९४० मध्ये ते विकायला काढले. हा चर्चिल १९३२च्या ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या नौकेत सुवर्णपदक जिंकलेला, म्हणजे पाण्याचा जाणकार. तरी पहिल्या वर्षी हजारही जोड खपले नाहीत. मग महायुद्धातल्या पाणबुड्या सैनिकांनी ते पायात चढवले आणि दुकान चाललं.

धरणावरच्या त्या माणसाची ट्यूबही आता दुर्मीळ होत चालली आहे. नव्या ट्रकांचे टायर ट्यूबशिवायचे. रस्त्यावरची पंक्चरं कमी झाली याचा धरणावर कुणाला तोटा झाला असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नसणार.

मामाने ट्यूब दाबून पाहिली, शिवण पाहिली, हवेचे कप्पे किती ते विचारलं. दोन, वेगवेगळे. मान हलली. मग त्याने तो प्रश्न विचारला. पुढचे दोन महिने तो माझ्या प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न विचारणार होता.

"भायेर कसा येशील?"

मी म्हणालो, पाय मारत.

मामाने खाडीकडे बोट केलं. ओहोटी लागली होती. नांगरलेल्या होड्यांची तोंडं सगळी एका दिशेला वळली होती आणि दोरांभोवती पाणी दात काढत होतं. "ह्याच्याफुडं तुझं पाय?"

पायांचा हिशेब मला ठाऊक होता. ट्यूबमध्ये बसून दम न लागता माणूस जातो तो फार तर रमतगमत चालण्याच्या निम्म्या वेगाने. उधाणाला आमच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि तेवढं पाणी सहा तासांत त्या खाडीच्या तोंडातून आत जायचं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर यायचं असतं. फिन जगातले सर्वोत्तम घेतले असते तरी मी पाय मारत मारत सावकाश अरबी समुद्रात गेलो असतो. पाठ वसईकडेच असती, कारण ट्यूबमधला माणूस पाठमोरा सरकतो. निरोपही न घेता.

मामाचा सगळा जन्म ह्याच ओढीवर गेला. त्याचं जाळं डोलीचं: समुद्रात खुंट रोवून बांधलेली, तोंड रुंद आणि शेपटीकडे निमुळती होत जाणारी प्रचंड पिशवी. तोंडाशी आस हाताएवढी, खोल्याशी, म्हणजे शेवटच्या पिशवीत, जवळा अडकेल इतकी बारीक. डोल माशाच्या मागे धावत नाही. पाण्याच्या ओढीला तोंड करून उभी राहते, पाणी मासे आणून देतं. ओढ थांबायच्या आत खोला वर घ्यायचा, नाहीतर पाणी फिरतं आणि दिलेलं परत नेतं. म्हणून घड्याळाआधी तिथी. भरतीची वेळ काढायची रीत मला मामानेच शिकवली: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आता मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिनिटासकट मिळतं आणि मामाही ते बघतो, पण तिथीशी ताडून. मोबाईल चुकतो म्हणून नव्हे. तिथी जास्त दिवसांच्या ओळखीची आहे म्हणून.

तेव्हा ठरलं: साचलेलं पाणी शोधायचं.

महामार्गापलीकडे एका ओळखीच्यांचं शेततळं होतं, चौकोनी, काळ्या प्लास्टिकचं अस्तर घातलेलं, पाणी आरशासारखं. मला ते पाहताक्षणी आवडलं. मामा काठावर उकिडवा बसला, चप्पल काढून एक पाय उतारावरच्या ओल्या प्लास्टिकवर ठेवला. पाय सर्रकन गेला. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं; या वेळी प्रश्न विचारलाही नाही. अशा तळ्यात पडलेलं धट्टंकट्टं माणूसही त्या गुळगुळीत उतारावर नखं घासत बुडतं, याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात. फिन घातलेल्या माणसाची तर बातमी होण्याचीही जास्त शक्यता. मालकाला मामाने जाताना एवढंच सांगितलं, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेव. त्याने ठेवले, नंतर मी पाहिले.

दुसरं तळं मिळालं ते जुनं, मातीचं, एका बाजूला गुरं उतरतात असा सपाट उतार. गुरं उतरतात तिथे माणूस चढतो. हे मामाचं वाक्य नाही, माझं. पण त्याच्या संगतीत सुचलेलं.

तिथे माझा पहिला जोड नापास झाला. मुंबईतल्या एका दुकानातून आणलेले ते काळे, लांब पात्यांचे फिन पाणबुड्यांचे होते. दुकानदाराने "समुद्रासाठी बेस्ट" म्हणून दिले आणि त्यात तो खोटं बोलला नाही. पाणबुड्या आडवा पोहतो. त्याचा पाय मांडीपासून हलतो आणि लांब पातं त्याला साथ देतं. ट्यूबमध्ये माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा. मांड्या बांधलेल्या, हलतो तो फक्त गुडघ्याखालचा भाग, झोपाळ्यावर बसून पाय हलवावेत तसा. तिथे लांब पातं म्हणजे गुडघ्याला टांगलेली फळी. वीस मिनिटांत माझ्या पोटऱ्यांना वांब आले. शिवाय उथळ पाण्यात पाती तळाच्या चिखलात रुतायची आणि पाणवेलींत अडकायची, आणि ते पावलासकट घट्ट बसणारे असल्याने आत मोजेसुद्धा धड जात नव्हते. बाहेर येताना मी उतारावर उताणा पडलो. गुराख्याच्या पोराने काठी पुढे केली.

दुसरा जोड घ्यायला दीड महिना लागला, कारण आता मी दुकानदाराला न विचारता पायाला विचारत होतो. पातं आखूड हवं आणि रुंद. कडक पातं जोर देतं, पण त्याचं बिल गुडघा भरतो. मऊ पातं गुडघा वाचवतं, पण वाऱ्यापुढे लोटांगण घालतं. पन्नाशीतल्या माणसाने मऊच्या बाजूला झुकावं आणि वारा सुटायच्या आत घरी यावं, असं माझं मत झालं. आमच्याकडे दुपारी खारा वारा सुटतो, पहाटे मतलई असते तीही मंदावत जाते. सकाळी सहा ते नऊ हा ट्यूबवाल्याचा मुहूर्त. टाच उघडी हवी आणि मागे पट्टा, म्हणजे पातळ बूट घालून वरून फिन चढवता येतात. बुटाचं माप घेऊन मगच फिनांचं. उघड्या पायाने आपल्या तळ्यांत उतरणं हे शौर्य नाही. तळाशी बाटलीच्या काचेपासून शिंगाळ्याच्या काट्यापर्यंत काहीही असतं. पट्ट्याची कडी वाळूने अडकणारी नको. आणि रंग काळा नको.

रंगाचा मुद्दा मामाचा. "काला पाय काल्या पान्यात गेला का गेला," तो म्हणाला. म्हणून दुसरा जोड भडक पिवळा. तरीही त्याचं समाधान नव्हतं, कारण रबर बुडतं. एक फिन निसटला तर उरलेल्या एका पायाने माणूस नुसता गोल गोल फिरतो. त्याने खिशातून नायलॉनची दोरी काढली, प्रत्येक फिनाला एक फास आणि माझ्या घोट्याला एक, अशा दोन आखूड वेसणी केल्या. गाठ अशी, की पाणी लागलं की आवळते आणि टोक ओढलं की सुटते. तिकडे अशा तयार दोऱ्या विकत मिळतात. माझ्याकडच्या तांडेलाने बांधलेल्या आहेत.

बाकीच्या सामानाचा निकाल त्याने झटपट लावला. भावाने पाठवलेला छातीपर्यंतचा रबरी पायजमा, ज्याला तिकडे वेडर म्हणतात, पाहून मामी म्हणाली, ह्यात शिजशील. खरंच आहे. बर्फाच्या पाण्यात माणूस गारठून मरू नये म्हणून तो असतो. वैशाखात वसईला तो घालणं म्हणजे मोदकपात्रात बसणं. त्यात पाणी भरलं तर पाय शिशाचे होतात ते वेगळंच. तो माळ्यावर गेला. आखूड पँट, लोकरी नव्हे असे जाड मोजे, पुरे. तरंगणारं जॅकेट मात्र मामाने स्वतः अंगात घालून पाहिलं, पट्टे ओढून पाहिले आणि परत देताना म्हणाला, हे ट्यूबीच्या आधी चढवायचं. शिट्टी गळ्यात. एक छोटी सुरी छातीशी, उजव्या हाताला सापडेल अशी, तंगूस पायाभोवती गुंडाळलं गेलं तर कापायला. गळाच्या काट्याचं उलटं टोक चिमट्याने दाबून टाकायचं. माशाची दया म्हणून मी ते आधीच करत होतो, आता ट्यूबची दया म्हणूनही. आणि जे जे हातातून सुटेल ते ते दोरीने बांधलेलं, कारण ट्यूबमधल्या माणसाला वाकून काही उचलता येत नाही. मी बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखा दिसत होतो म्हणे.

नालेच्या आकाराची गोष्ट इथेच. गोल ट्यूबमधून घाईत बाहेर पडता येत नाही. उलटली तर पाय वर आणि बैठक कमरेला अडकलेली. नालेला पुढे तोंड असतं, फक्त एक पट्टी आडवी. मामाने ती पट्टी सोडून पाहिली, एका हाताने, डोळे मिटून. तीनदा.

हवेचा धडा मी एकट्याने शिकलो. सकाळी काठावर टणक भरलेली ट्यूब गार पाण्यात गेली की मऊ पडते. म्हणून आणखी चार पंप मारले, आणि दहा वाजता चहासाठी बाहेर येऊन ती उन्हात टाकली. तापलेल्या हवेने शिवणीतून असा आवाज काढला की गुरं बिथरली. सुदैवाने एकच कप्पा गेला.

मासे? तेही झाले. पण मामाला ते समजावणं फिनांपेक्षा अवघड. आपल्या गळात वजन शिशाचं असतं, ते दोरीला ओढून नेतं. इथे आमिषाला वजनच नाही: गळावर कोंबड्याच्या मानेची दोन पिसं आणि थोडा दोरा. वजन दोरीत असतं. जाड, लेप दिलेली दोरी डोक्यावरून मागे फेकायची, ती मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. मागे थांबणं जमलं की सगळं जमतं. ट्यूबमध्ये माणूस पाण्याला टेकून बसलेला, त्यामुळे मागची फेक जराशी खाली गेली की पाण्यावर आपटते. म्हणून काठी नऊ फुटांहून आखूड नको. माझ्या नऊ फुटी काठीला सकाळभरात तळहाताएवढे तीन तिलापिया लागले आणि एक मरळ पाण्याला भोक पाडून पिसं घेऊन गेला. मामाने तिलापिया बघितले, मग काठीची किंमत विचारली. मी थोडी कमी करून सांगितली. तो तरीही बराच वेळ काही बोलला नाही.

मग वैशाख वद्य अष्टमीला त्यानेच फोन केला. "आज सांजेला ये. हडळीचं पाय घेऊन."

भांगाची भरती, सहाच्या सुमाराला पूर्ण. बंदरावर पोरं जमली होती. दोन महिन्यांपूर्वी हसलेल्या बायका आता नुसत्या उभ्या होत्या. मामाने माझ्या जॅकेटच्या मागे होडीचा एक लांब दोर बांधला आणि दुसरं टोक दोन वेढे देऊन खुंटाला, सैल हातात धरून. पाणी चढायचं थांबलं होतं, उतरायला लागलं नव्हतं. "धा मिंटं," तो म्हणाला. "ओढलं का यायचं. इचारायचं नाय."

मी उलटा चालत उतरलो. चिखलाने फिन धरले, सोडले, मग तळ संपला आणि ट्यूबने मला उचललं. पाय मारले. बंदर माझ्यासमोरून मागे सरकू लागलं: आधी माणसांचे चेहरे, मग वलांडीवरच्या बोंबलांच्या ओळी, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, मग किल्ल्याचा तट आणि त्यामागची ताडं. आजोळ मी आयुष्यभर रस्त्याने जाऊन पाहिलेलं. पाण्यातून, पाण्याच्याच उंचीवरून, कधी पाहिलं नव्हतं. मामाने ते रोज असंच पाहिलेलं असणार, सकाळी लहान होत जाणारं, परतताना मोठं होत येणारं. काठी मांडीवर होती. फेकायची आठवण झाली नाही.

कमरेपाशी पाणी किंचित हललं. पोटऱ्यांना कळलं त्याआधीच पाठीला दोराचा हिसका बसला. मी पिवळी पाती उचलून पाण्याबाहेर धरली, म्हणजे तो मला ओढू शकेल. तो हात बदलत ओढत होता, न बघता, शेजारच्या कुणाशी तरी जाळ्याच्या भावाबद्दल बोलत.

काठावर मामी परात घेऊन उभी होती. तिने आत काही नाही हे पाहिलं, परात काखेत मारली आणि म्हणाली, "मोजं काड आदी. घरात बोंबील भाजलंत."